कॅप्टन झेलचा राहिलेला भाग

जबलपुरात मला नावानं ओळखणारे थोडे. बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत अचानक थांबून "अरे, ये तो वही गिरने वाली लड़की है!" म्हणणारे मात्र अजून भेटतात. ह्या कीर्तीचं सगळं श्रेय आमच्या सरांचं. मी पाचवीत असताना त्यांनी मला मदनमहालच्या टेकडीवरून खाली पाडलं, आणि मी जमिनीला टेकायच्या आत त्यांची टीव्हीवरची मालिका बंद पडली.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलं ते इकडचंच झालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि राग आला की दोन्ही एकदम. उंची बेताची, केस नेहमी नुकतेच झोपेतून उठल्यासारखे, आणि खिशात पांढरा खडू. तो खडू फळ्यासाठी नसे, रांगोळ्यांसाठी असे. सकाळी सायकलवरून शाळेत येताना कुणाच्या दारात अर्धी रांगोळी दिसली, म्हणजे बाई उतू जाणारं दूध बघायला आत पळालेली असली, की सर सायकल स्टँडला लावून ती पूर्ण करत. एका बाईनं बाहेर येऊन हा अनोळखी पुरुष आपल्या उंबऱ्यापाशी उकिडवा बसलेला पाहिला आणि हातातली बादली त्याच्यावर रिकामी केली. सर तसेच निथळत वर्गात आले. "कमळ मात्र जमलं होतं," म्हणाले, आणि हजेरी घ्यायला लागले.

अर्धवट गोष्ट त्यांना सहनच होत नसे. आमच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा गुरुजींनी घाईत एक अध्याय गाळला. त्यांना दुसऱ्या घरी जायचं होतं. सरांनी त्यांना फाटकातून परत आणलं, पाटावर बसवलं आणि राहिलेला अध्याय वाचून घेतला. तोवर शिरा पार थंड झाला. माझे बाबा सिहोऱ्याला नोकरीला होते, रोज बसनं जायचे. एकदा बसस्टँडवर ते सरांना कसलीशी हकीकत सांगत होते आणि मध्येच बस सुटायला लागली. सर बसमध्ये चढले. दुपारी उशिरा परतले तेव्हा काकू, म्हणजे सरांची बायको, दारात उभ्या होत्या.

"सिहोऱ्यापर्यंत जायची काय गरज होती?" काकूंनी विचारलं.

"ह्याची गोष्ट वाटेत पनागरलाच संपली," सर म्हणाले, "पण मग कंडक्टर त्याची सांगून राहिला होता."

अशा माणसाच्या हातून एक अख्खी मालिका अर्धवट राहिली, ह्याला दैव म्हणायचं नाही तर काय!

तेव्हा गल्लीगल्लीतल्या केबलवाल्यांची स्वतःची वाहिनी असायची. तिच्यावर सिनेमे, कुणाच्या लग्नाच्या कॅसेटी, हरवलेल्या कुत्र्यांच्या जाहिराती, असं सगळं लागायचं. सरांनी केबलवाल्याकडून रविवारची सकाळ मागून घेतली. मुलांसाठी आपल्या गावचा, आपल्या भाषेतला महानायक हवा, असं त्यांच्या मनात आलं होतं. केबलवाला म्हणाला, उडणारा पाहिजे. सर म्हणाले, "उडवायला दोऱ्या लागतात, आणि दोऱ्या दिसतात. आपला उडणार नाही. पडणाऱ्याला वाचवेल." असा कॅप्टन झेल जन्माला आला.

कॅप्टनची शक्ती एकच. त्यानं हात वर केला की पडणारी वस्तू थांबायची आणि आली तशी परत आपल्या जागी जायची. हे साधायची सरांची युक्ती सोपी होती. मडकं फळीवरून खाली पडताना कॅमेऱ्यानं टिपायचं आणि कॅसेटची पट्टी उलटी फिरवायची. अडचण एवढीच, की मडक्याबरोबर चौकटीतला सगळा संसार उलटा फिरे. म्हणून मडकं वर जाताना कॅप्टनला पुढे चालायचं असेल, तर चित्रीकरणाच्या वेळी त्याला मागे चालावं लागे. आम्ही सगळेच मागे चालायला शिकलो. शाळेच्या मैदानावर सर आम्हाला ओळीनं उलटं चालवत, आणि मुख्याध्यापकांना वाटे, ही नवी कवायत. एका प्रसंगात मी मागच्या बाजूला बसून खरीखुरी जिलबी खात होते, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. रविवारी पडद्यावर माझ्या तोंडातून अख्खी जिलबी बाहेर निघाली आणि ताटलीत जाऊन बसली. आमच्या केबलवाल्याचा मेहुणा जबलपूरजवळच्या पाटणला हीच मालिका लावायचा. तिथल्या एका आजींनी निरोप पाठवला, त्या पोरीला जरा डॉक्टरला दाखवा.

कॅप्टनचं काम करायचा तो बडा फुहाऱ्यावरच्या एका कापडाच्या दुकानातला मुलगा. आम्ही त्याला भैया म्हणायचो. त्याला सरांनी निवडला तो दुकानात. माळ्यावरचा माणूस वरून कापडाचे तागे खाली टाकायचा, आणि भैया गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, वर न बघता, ते दोन्ही हातांवर घ्यायचा. सर काकूंच्या ब्लाउजपीससाठी गेले होते. ते राहिलं बाजूला. "मिल गया, मिल गया!" म्हणत ते काउंटरवरून पलीकडे गेले आणि भैयाचे दंड चाचपायला लागले. दुकानमालकाला वाटलं, ह्यांना पैलवान हवाय. पोशाख काकूंनी शिवला, शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या मरून कापडाचा. त्यामुळे कॅप्टन झेल थोडासा आमच्या शाळेतून पळून आलेल्या नववीतल्या मुलासारखा दिसे.

मालिका चालली मात्र झकास. रविवारी सकाळी पोट्टे अंघोळ टाळून टीव्हीपुढे बसायचे. आणि मग सरांच्या हातून ती चूक झाली.

अनंत चतुर्दशीचा दिवस होता. ग्वारीघाटावर गर्दी मिळेल म्हणून सरांनी तिथं प्रसंग घेतला. पायरीवरून घसरणारा एक मुलगा आणि त्याला परत वर पाठवणारा कॅप्टन. सरांचं सगळं लक्ष त्या पायरीवर. मागे नर्मदेत काय चाललंय हे त्यांनी टिपताना पाहिलं नाही आणि पट्टी उलटी करतानाही पाहिलं नाही. गावानं ते रविवारी पाहिलं. पुढे मुलगा पायरीवर परत चढला, आणि मागे गणपती पाण्यातून वर आला, लोकांच्या हातांवर बसला आणि झांजांसकट उलटा चालत घाट चढून घरी निघाला.

आमच्या शेजारच्या आजींनी टीव्हीला हात जोडले. "गेलेला देव परत येताना कोणी पाहिलाय, बाई?" त्या म्हणाल्या. पण गणपती मंडळातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते केबलवाल्याकडे गेले. देवाला असं उलटं फिरवतात का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. केबलवाल्यानं कान पकडले आणि मालिका बंद केली. सर मंडळात गेले, सगळ्यांपुढे वाकून माफी मागितली आणि म्हणाले, "चूक माझीच. पण एवढा पुढचा रविवार द्या. पोट्टी हवेत राहिली आहे."

कारण त्याच भागाच्या शेवटी मी पडले होते. सर जमिनीवर उताणे झोपून कॅमेरा धरून होते, मी टेकडीवरच्या एका कमरेएवढ्या दगडावरून उडी मारली, आणि खालून पाहिलं तर माझ्यामागे नुसतं आभाळ. हात पसरलेले, वेण्या वर. तिथंच चित्र थांबलं आणि त्यावर सरांच्या सुंदर अक्षरात आलं, "क्रमशः".

तो रविवार सरांना कुणी दिला नाही. शाळेत मला पोरं "लटकी", म्हणजे लटकलेली, म्हणायला लागली. सर रस्त्यात दिसले की पानवाला हमखास विचारे, "सरजी, उस लड़की का क्या हुआ?" दुसरा कुणी असता तर हसून पुढे गेला असता. सर सायकलवरून उतरत आणि गंभीरपणे सांगत, "काम चालू आहे."

मग मी मोठी झाले, पुण्याला गेले, नोकरी लागली, लग्न झालं. आणि मग ते लग्न मोडलं. कुणाचं चुकलं, किती चुकलं, हे सांगायची ही जागा नाही. नोकरीतही लक्ष लागेना, तीही सोडली आणि मी दोन बॅगा घेऊन जबलपूरला आईकडे आले. बाबा तोवर गेले होते. आई कुणी विचारलं की "सुट्टीवर आली आहे" म्हणायची. ही सुट्टी लांबत लांबत उन्हाळा, पावसाळा ओलांडून दिवाळीपर्यंत आली, तेव्हा मला बाहेर पडणंच नकोसं झालं. आधी बाजार सुटला, मग देऊळ, मग शेजार. शेवटी घराचं फाटकही. मी भित्री नव्हते हो. पण फाटकाला हात लावला की समोरच्या ओट्यावरच्या साऱ्या काकू एकदम माझ्याकडे बघायच्या, आणि माझे पाय आपसूक घराकडे वळायचे. आई रात्री स्वयंपाकघर आवरताना माझ्याकडे बघे आणि घासलेली पातेली परत घासत बसे. ते फार जड जायचं.

अशात एका दुपारी सर आले. निवृत्त झालेले, केस पांढरे, पण झोपेतून उठल्यासारखेच.

"सुट्टीवर आली आहे," आईनं घाईघाईनं सांगितलं.

"अच्छा, बरंच झालं," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तू अजून हवेतच आहे, माहीत आहे ना?"

मी आईकडे पाहिलं. कुणी सांगितलं ह्यांना? क्षणभरानं लक्षात आलं, सर मालिकेबद्दल बोलत होते.

"केबलवाल्याच्या मुलाशी बोलून आलो मी," ते सांगू लागले. "तो म्हणून राहिला, भाग-बिग नाही, एक पूर्ण टेलिफिल्म करा. रविवारी दुपारी लावतो. भैयाही तयार आहे. फक्त तू राहिली."

"सर, आता कोण बघणार ते?"

"बघणाऱ्यांचं सोड. 'क्रमशः' मी लिहिलं होतं ना? माझ्या हातानं?"

"पण मी पाचवीत होते तेव्हा! आता तिशी उलटली माझी. पडायला लागली तेव्हा वेण्या होत्या, आणि खाली येते तेव्हा केस पांढरे?"

"मग?" सरांना खरोखरच काही अडचण दिसत नव्हती. "उंचावरून पडली होती. वेळ लागणारच."

आई तोंडाला पदर लावून हसली. आमच्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसलं होतं. मी हो म्हणाले ते बहुधा त्यासाठीच.

तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी सर म्हणाले, आज फक्त ओसरीपासून फाटकापर्यंत चालायचं. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर. मग पिठाच्या गिरणीपर्यंत. मला वाटे ते चाल बसवताहेत. ते मोबाइल माझ्याकडे रोखून माझ्यापुढे उलटे चालत. पांढऱ्या केसांचा एक म्हातारा भर रस्त्यात पाठमोरा चाललाय, हातगाड्यांना, गाईंना, स्कूटरवाल्यांना धडका देता देता वाचतोय, आणि वर ओरडतोय, "मान वर! अशी काहून चालून राहिली, बिल भरायला निघाल्यासारखी?" सगळी गल्ली ओट्यावर येऊन त्यांना बघायची. माझ्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. मी त्यांच्यामागून निवांत चालत असे. गिरणीच्या पुढे, मग चौकापर्यंत, मग चौक ओलांडून. हे त्यांनी मुद्दाम केलं की त्यांना खरंच चालीची काळजी होती, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारलं असतं तर ते चालीबद्दलच बोलले असते.

चित्रीकरण थंडी सरता सरता झालं. शेवटचा प्रसंग तेवढा उरला, मला खाली आणायचा. टेकडीवर तोच दगड. भैया आता त्या कापडाच्या दुकानाचा मालक झाला होता, पोट सुटलं होतं. जुना पोशाख त्याच्या एका दंडातही गेला नसता, म्हणून काकूंनी मरून रंगाचा सैल कुडता शिवून दिला होता. मी भैयाला म्हटलं, सोपं आहे, तुम्ही मला वर चढवा, सर पट्टी उलटी करतील. आता तर मोबाइलवर बोट लावलं की होतं.

"नाही," सर म्हणाले. "ह्या वेळी सुलटं घ्यायचं. तू खरंच उडी मारायची, आणि ह्यानं खरंच धरायचं."

"सरजी, मेरी तो पावर ही दूसरी है," भैया घाबरला. "मैं तो चीज़ वापस ऊपर भेजता हूँ."

"उमर के साथ पावर बदलती है," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तेव्हा मी तुला परत वर पाठवणार होतो. तसंच ठरलं होतं. बरं झालं राहिलं. वर जाऊन काय करणार होती तू? खालीच यायला पाहिजे माणसानं."

मी दगडावर चढले. तो कमरेएवढाच होता, पण वरून पाहिलं तर टेकडीएवढा वाटला. खाली गाद्या मांडल्या होत्या, त्यापुढे भैया हात पसरून, कपाळावर घाम. मला वाटलं, हा मला धरणार नाही. ह्याआधीही एकानं हात पसरले होते. मी तिथं किती वेळ उभी राहिले कोण जाणे.  सरांनीही घाई केली नाही, आणि ते त्यांना फार कठीण गेलं असणार.

"दीदी," शेवटी भैया हळूच म्हणाला, "मैं ऊपर नहीं देखूँगा. देखूँगा तो डर जाऊँगा. आप बस आ जाओ."

त्यानं खरोखरच मान खाली घातली. मी उडी मारली.

त्यानं धरलं. नीट नाही धरलं, आम्ही दोघेही गादीवर कोसळलो, माझं कोपर त्याच्या नाकावर बसलं आणि तो "हाय राम!" म्हणाला. तो आवाजही टेलिफिल्ममध्ये आहे. सरांनी दुसरा टेक घ्यायला साफ नकार दिला.

रविवारी दुपारी ती लागली तेव्हा गल्लीत शुकशुकाट होता. चित्र मध्येच हलत होतं, संगीत एका ठिकाणी संवादावरून गेलं, आणि खलनायक घरच्या चपला घालून आला होता. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मुलगी पाचवीतून एकदम तिशीत कशी उतरली, हेही कुणी विचारलं नाही. संध्याकाळी समोरच्या ओट्यावरच्या साऱ्या काकू आमच्या घरी आल्या. नवरा काय करतो, परत कधी जाणार, हे विचारण्यासाठी ज्यांना मी महिनोन्‌महिने टाळत होते, त्याच ह्या. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकूंनी माझं कोपर हातात घेऊन पाहिलं आणि एवढंच विचारलं, "लागलं नाही ना गं फार?"

"नाही," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

त्यानंतर मी एका शाळेत शिकवायला लागले, इथंच. आई आता कुणी काही विचारायच्या आधीच सांगते, "इथंच राहते ती." सर मागच्या पावसाळ्यात गेले. झोपेत गेले, काही अडकून न राहता. मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. दोनदा सुरुवात केली होती, पण ते लगेच चहा सांगायला उठले. म्हणून इथं लिहिते. सर, मी तुमची फार ऋणी आहे.

पण शेवटच्या प्रसंगाचा शेवट सांगायचा राहिलाच. उडीनंतर काय करायचं ते सरांनी आधी समजावलं होतं. उठायचं, कपडे झटकायचे, आणि टेकडी उतरून घराकडे चालू लागायचं. "मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मागेही बघायचं नाही." मी तशीच निघाले. ह्या वेळी ते माझ्यापुढे नव्हते. पायवाट उतरले, कट आला नाही. वळणावर आले, दगडांच्या आड गेले, आता मोबाइलमध्ये मी दिसणंच शक्य नव्हतं, तरी कट नाही. मान वर करून चालत राहिले. रस्ता लागला. लोक होते, गाड्या होत्या. दोन-तीन माणसांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. एक ऑटो थांबली. "कहाँ जाना है, दीदी?" ऑटोवाल्यानं विचारलं, आणि मी बाजाराचं नाव सांगितलं. मटार घेतले, आईसाठी जुईचा गजरा घेतला, आणि अंधार पडायच्या आत एकटी घरी आले. आईनं दार उघडलं, माझ्या मागे कुणी आहे का पाहिलं, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

संध्याकाळी मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, मी थेट घरी पोचले. तुम्ही कट काहून नाही म्हटलं?"

"काहून म्हणू?" पलीकडून सरांचा आवाज आला. "तू चालून राहिली होती ना."